‘हीटर’ने नेमके काय तापते?

विंचूर हे निफाड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा याच तालुक्यात होते. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पारा २ अंश सेल्सियसच्याही खाली उतरला होता. लाल कांद्याची आवक याच दिवसांत असते, आणि लासलगाव बाजार समितीच्या विंचूर येथील उपबाजारासाठी गाडी सकाळीच काढावी लागते. डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्यांत व काही ट्रॅक्टरांत यासाठी जी सोय असते, तिला गॅरेजांत ‘हीटर’ किंवा ‘हीटर प्लग’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. पाण्याचा हीटर पाणी तापवितो, म्हणून गाडीचा हीटर इंजिन तापवीत असावा, असा तर्क सहज होतो. वस्तुतः इंजिन त्याने मुळीच तापत नाही.

रूडॉल्फ डिझेल याने १८९२ मध्ये ज्या इंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्यात ठिणगीची योजना नव्हती. आजही दट्ट्या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या हिश्शात कोंबतो, त्यामुळे ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, त्यातलाच हा प्रकार होय. थंडीत हे गणित चुकते. मुळात हवा गार. तिची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात. त्यातच वंगण दाटलेले आणि बॅटरी मंदावलेली, म्हणून इंजिन सावकाश फिरते. आणि जितके सावकाश फिरावे, तितकी उष्णता अधिक हरपते व दाबलेली हवा दट्ट्याच्या कड्यांवाटे अधिक निसटते. मग डिझेल पेटत नाही. त्याची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

हीटर प्लग ही धातूच्या आवरणातील तारेची बोटाएवढी कांडी असते. तिचे टोक ज्वलनकक्षात शिरलेले असते. बॅटरीच्या प्रवाहाने ते काही सेकंदांत आठशे अंशांपलीकडे तापते, आणि जवळून जाणारा फवारा तेथे पेट घेतो. तापते ते एवढे टोक व त्याभोवतीची चिमूटभर हवा. जर्मन भाषेत या कांडीला ‘तप्त मेणबत्ती’ अशा अर्थाचा शब्द आहे, तो अधिक नेमका वाटतो. फ्रेंच नावात मात्र ‘पूर्वतापन’ आहे, म्हणजे आपल्यासारखीच गफलत तेथेही संभवते. पर्किन्सच्या काही ट्रॅक्टर-इंजिनांतील ‘थर्मोस्टार्ट’ची रीत निराळी: ते हवेच्या वाटेतच थोडे डिझेल जाळून आत जाणारी हवा कोमट करते.

नावाच्या या घोळाने व्यवहारात नुकसान होते. इंजिन तापावे म्हणून किल्ली मिनिटभर धरून ठेवली, तर ज्या बॅटरीने इंजिन फिरवायचे तीच रिती होते. फलकावरील वेटोळ्याची खूण विझली की लगेच इंजिन फिरवावे.

इंजिन खरोखर तापते ते चालल्यानेच. पाणी सुमारे ८० अंशांवर जाईपर्यंत थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ते त्यासाठीच. पण जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनात डिझेल थोडे जळते, म्हणून उष्णताही थोडीच. शिवाय न जळलेले डिझेल भिंतींवरील वंगण धुऊन नेते. मिनिटभराने गाडी हळू चालवीत नेणे अधिक हिताचे. हीटर असलेल्या इंजिनाच्या हवानळीत ईथर मात्र कधीही फवारू नये. लाल टोकाशी ते अवेळी भडकते, आणि नळीपाशी वाकलेल्या माणसाचा चेहरा भाजू शकतो.