शाळा कुणी काढली?

निवडणुकीच्या निकालाचा दिवस आमच्या घरी सणासारखा साजरा होतो. ४ जून २०२४ लाही तसेच झाले. सकाळी आठपासून टी. व्ही. चालू, पोह्यांची परात मध्ये, आणि सोफ्याच्या दोन टोकांना दोन पक्ष. एका टोकाला आमचा पुतण्या, पेशाने इंजिनिअर. दुसऱ्या टोकाला शेजारचे काका, बँकेतून निवृत्त. दोघांचे पक्ष विरुद्ध. पण एका गोष्टीवर दोघांचे विलक्षण एकमत होते. शिकलेला माणूस आपल्याच पक्षाला मत देतो, आणि विरुद्ध पक्षाला जातात ती सगळी अडाण्यांची मते!

दुपारपर्यंत पुतण्याने मोबाइलवर दोन नकाशे शोधून काढले. एक साक्षरतेचा, एक निकालाचा. दोन्ही एकाखाली एक धरून तो म्हणाला, "बघा काका, रंग कसे जुळतात ते." काकांनी चष्मा पुसला, नकाशा पाहिला आणि तोच नकाशा दाखवून नेमके उलटे सिद्ध केले. शेवटी कंटाळून पुतण्या म्हणाला, "निदान दहावी झालेल्यांनाच मताचा हक्क ठेवला पाहिजे."

आमची आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. वय नव्वदीला टेकलेले, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तिने मान वर न करताच विचारले, "माझं मत तुझ्या नकाशात कुठे आहे रे?"

पुतण्या हसला. "आजी, नकाशात माणसं नसतात, जिल्हे असतात."

"मग मत जिल्हा देतो की माणूस?"

वाचकांना हा प्रश्न भाबडा वाटेल. पण १९५० साली अमेरिकेत रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न विचारून भल्याभल्यांची झोप उडवली होती. त्याने १९३० च्या शिरगणतीचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी, असे राज्यांच्या आकड्यांवरून दिसत होते. म्हणजे बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले म्हणावेत? एकेका माणसाचे आकडे पाहिले तेव्हा उलटेच निघाले. आलेल्यांतच निरक्षर जास्त होते. उलगडा साधा होता. पोटापाण्यासाठी आलेले हे लोक ज्या राज्यांत जाऊन राहिले, तिथले मूळ रहिवासीच अधिक शिकलेले होते. प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलणे किती फसवे असते, हे त्या दिवसापासून आकडेशास्त्राच्या पुस्तकांत गेले. पुतण्याच्या अभ्यासक्रमात ते नसावे.

पण प्रश्न एवढ्याने सुटत नाही. माणसाचे जाऊ द्या, प्रदेशाचे तरी काय? जिथे शाळा जास्त तिथले राजकारण एका विशिष्ट दिशेला झुकते का? आपल्या देशात याची परीक्षा पाहायची तर केरळइतका चांगला प्रांत दुसरा नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला केरळ राज्य झाले आणि पुढल्याच वर्षीच्या निवडणुकीत तिथे कम्युनिस्ट पक्षाने १२६ पैकी ६० जागा जिंकल्या. पाच अपक्षांचा पाठिंबा मिळवून ई. एम. एस. नंबुद्रीपाद ५ एप्रिल १९५७ ला मुख्यमंत्री झाले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. कम्युनिझम भुकेल्या आणि अडाणी मुलखात रुजतो अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती; आणि इथे तर देशातला सर्वांत साक्षर प्रांत मतपेटीच्या मार्गाने लाल झालेला! १९५१ च्या शिरगणतीत साऱ्या देशात शेकडा १८ माणसे साक्षर होती, केरळच्या मुलखात शेकडा चाळिशीच्या वर. शिकलेले पण बेकार तरुण हेच कम्युनिस्टांचे बळ, असा नवा सिद्धांत लगेच निघाला.

आता नकाशा जरा जवळ धरून पाहू. केरळच्या पोटात दोन मुलूख होते. दक्षिणेला त्रावणकोर-कोचीनची संस्थाने, उत्तरेला मद्रास इलाख्यात मोडणारा मलबार. शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असे फर्मान त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ सालीच काढले होते. त्याच सुमारास कोट्टयमला मिशनऱ्यांचे कॉलेज उभे राहिले. मलबारात शाळा त्या मानाने कमी. मग कम्युनिस्टांचे बालेकिल्ले कुठे असायला हवे होते? कोट्टयममध्ये. प्रत्यक्षात ते होते मलबारातल्या कण्णूरला, पालघाटला. कोट्टयम, जिथून 'मलयाळ मनोरमा' निघते आणि जिथले शहर १९८९ साली देशात पहिल्यांदा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाले, ते काँग्रेस आणि नंतर केरळ काँग्रेस यांचे माहेरघर राहिले. बरे, म्हणून शिकलेला जिल्हा कम्युनिस्टविरोधी म्हणावा, तर शेजारचे आलेप्पी तितकेच शिकलेले आणि तिथे काथ्याच्या कारखान्यांतल्या मजुरांनी लाल बावटा कधीपासून खांद्यावर घेतलेला.

फरक कशात होता? मलबारात जमीन जन्मींच्या, म्हणजे जमीनदारांच्या हातात आणि कुळे त्यांच्या पायाशी. आलेप्पीत कारखाना आणि युनियन. कोट्टयममध्ये स्वतःच्या रबराच्या बागा असलेला छोटा शेतकरी, आणि त्याच्या गावात चर्च आणि चर्चला लागून शाळा. साक्षरता तिन्हीकडे वाढत होती. पण मुले कुणाच्या शाळेत बसत होती आणि सुटीनंतर कुणाच्या वाचनालयात जात होती, ते निराळे होते.

ही शाळांची मालकी किती नाजूक गोष्ट होती हे नंबुद्रीपादांना लौकरच कळले. त्यांचे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी स्वतः कॉलेजात शिकवलेले गृहस्थ. त्यांनी १९५७ साली शिक्षण विधेयक आणले. खाजगी शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून थेट मिळावा आणि नेमणुकांवर सरकारचे नियंत्रण असावे, असा त्याचा गाभा. शाळा चालवणारे चर्च आणि मन्नत पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी, दोघेही खवळले. जमीनसुधारणेला विरोध करणारेही त्यांना येऊन मिळाले. १९५९ चा 'विमोचन समरम्' पेटला आणि ३१ जुलैला केंद्राने सरकार बरखास्त केले. १९६० ला पुन्हा निवडणूक झाली. शेकडा ८५ च्या आसपास मतदान; कम्युनिस्टांच्या मतांचा वाटा आधीपेक्षा वाढला, पण विरोधक एकत्र आल्यामुळे जागा उरल्या २९. तीन वर्षांत साक्षरता तीच, मतदार बहुतेक तेच, सरकार मात्र पालटले. पुढे १९८२ पासून २०१६ पर्यंत त्या राज्याने दर निवडणुकीला सरकार बदलले, इतके की २०२१ ला तेच सरकार पुन्हा आले तेव्हा लोकांना नवल वाटले.

कण्णूरची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे विड्यांचे मोठाले कारखाने होते. शेकडो कामगार मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसत, आणि त्यांच्यातला एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची. त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे. बातमी झाली की वाद, वाद झाला की अग्रलेख. ऐकणाऱ्यांत सही करता न येणारेही असत. शिरगणतीवाला त्यांच्यापुढे 'निरक्षर' असे लिहून गेला असेल. पण राजकारणात त्यांना कोण शिकवणार?

केरळाबाहेर पाहिले तरी रंग जुळत नाहीत. २०११ च्या शिरगणतीत साक्षरतेत पहिला केरळ, शेकडा ९४. दुसरा मिझोराम, ९१. मिझोरामात १८९४ साली आलेल्या दोन मिशनऱ्यांनी भाषेला रोमन लिपी दिली आणि गावोगाव शाळा निघाल्या. तिथे कम्युनिस्टांचे सरकार कधी आले नाही. त्रिपुराही वरच्या रांगेत, ८७. तिथे डाव्यांनी १९९३ पासून सलग पंचवीस वर्षे राज्य केले आणि २०१८ साली भारतीय जनता पक्षाने त्यांना उखडून टाकले. त्या वर्षी त्रिपुरातले लोक बाराखडी विसरले होते असे कुणी ऐकलेले नाही.

पुणेकर वाचक एव्हाना पुढे सरसावले असतील. तर घ्या, आपले विद्येचे माहेरघर. लोकसभेवर पुण्याने १९५२ ला काकासाहेब गाडगीळ पाठवले, काँग्रेसचे. १९५७ ला ना. ग. गोरे, समाजवादी. १९६२ ला पुन्हा काँग्रेस, १९६७ ला एस. एम. जोशी, पुन्हा समाजवादी. मोहन धारिया १९७१ ला काँग्रेसचे म्हणून निवडून आले आणि १९७७ ला जनता पक्षाचे म्हणून. पुढे विठ्ठलराव गाडगीळ, मग १९९१ ला भाजपचे अण्णा जोशी, मग काँग्रेसचे कलमाडी, आणि २०१४ पासून सतत भाजप. यांतल्या कुठल्या निकालाला 'शिकलेल्यांचा कौल' म्हणायचे? त्या त्या वेळी जिंकलेल्या प्रत्येकाने म्हटलेच आहे.

समुद्रापलीकडेही हीच गत. १९५० च्या दशकात अमेरिकेतला कॉलेजात शिकलेला मतदार रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेला असे. २०१६ नंतर तोच वर्ग ठळकपणे डेमोक्रॅटिक पक्षाकडे. फ्रान्स आणि इंग्लंडातही असाच उलटा प्रवास झाला. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने २०१८ च्या लेखात या शिकलेल्या डाव्यांना चक्क 'ब्राह्मण डावे' म्हटले आहे. शब्द आपला उचलला, आपल्याला विचारले नाही!

मग शिक्षणाचा आणि राजकारणाचा संबंध नाहीच का? आहे, आणि तो दाट आहे. पण आपण तो उलट्या बाजूने वाचतो. शाळा आधी आणि पक्ष नंतर, असे आपण धरून चालतो. पुष्कळ ठिकाणी आधी चळवळ येते आणि ती शाळा काढते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. बहुजन समाजाच्या हाती पाटी देणे हेच मुळी राजकारण होते. त्या पाटीवर शिकलेल्या पिढ्यांनी पुढे साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि मंत्रिमंडळे चालवली. नंतर १९८३ मध्ये विनाअनुदान कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि कॉलेज काढणे हा आमदारकीचा एक भागच होऊन बसला. आज एखाद्या तालुक्यात शिकलेली माणसे अमुक नेत्याला मत देतात असे दिसले, तर ती शिकली म्हणून देतात, की त्याच्या संस्थेत शिकली आणि तिथेच नोकरीला लागली म्हणून, हे कुठला नकाशा सांगणार?

गोव्यात तर शाळेची भाषाच राजकारण होऊन बसली होती. मुक्तीनंतर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या. १९६७ च्या जानेवारीत विलीनीकरणाचा कौल घेतला, तो ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. पोर्तुगीज किंवा इंग्रजी शिकलेला ख्रिस्ती सुशिक्षित बहुतेक एका बाजूला होता. मराठी शिकलेल्या हिंदू सुशिक्षितांत मात्र दोन्ही बाजूंची माणसे होती. किती शिकला यापेक्षा कुठल्या शाळेत शिकला, याला तिथे जास्त वजन होते.

त्या दिवशी मी हे सगळे पुतण्याला सांगत बसलो नाही. अर्धे मलाच नंतर वाचून कळले. एवढे मात्र सांगितले, की शिकलेल्यांनाच मत द्यायचे हा प्रयोग या देशात होऊन गेला आहे. १९३५ च्या कायद्यात मताचा हक्क मालमत्ता, सारा आणि शिक्षण पाहून मिळे. स्वतंत्र भारताने तो मोडीत काढला आणि १९५१-५२ ला सतरा कोटींवर मतदारांना बोलावले. त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, म्हणून पेट्यांवर चित्रे लावली. आणि आज? २०२४ च्या याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरला शेकडा ७१ च्या वर मतदान झाले; दक्षिण मुंबईला जेमतेम पन्नास. "तू कितीला गेलास मतदानाला?" असे मी विचारले तेव्हा चिरंजीवांनी जोडून आलेल्या सुटीचा आणि लोणावळ्याचा काहीतरी खुलासा केला.

आई मध्येच म्हणाली, "मी पहिलं मत सत्तावन्नला दिलं."

तेव्हा ती राजापूर मतदारसंघातल्या आमच्या गावी नवी सून होती. घरात लिहितावाचता येणारे दोघेच. वडील मुंबईला गिरणीत. गावचे मास्तर संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन मुंबईचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. बायका आतल्या दाराशी उभ्या राहून ऐकत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. वडिलांच्या पत्रातही मनिऑर्डरीपेक्षा गोळीबाराचाच मजकूर जास्त असे. बॅरिस्टर नाथ पै बोलायला येणार म्हटल्यावर ती सासूबरोबर दोन कोस चालत गेली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. झोपडीचे चित्र समाजवाद्यांचे, बैलजोडीचे काँग्रेसचे. कागद हातात घेऊन पडद्याआड जायचे आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. त्या वर्षी राजापूरने नाथ पैंना निवडून दिले आणि पुण्याने गोऱ्यांना. दोघे एकाच पक्षाचे. एकीकडे कॉलेजांचे शहर, दुसरीकडे आमचे कोकणातले गाव, जिथल्या ओटीवर एक मास्तर वाचीत होते आणि पंचवीस माणसे ऐकत होती.

"मग तू झोपडीतच टाकलंस ना, आजी?" पुतण्याने विचारले.

"पडद्याआड टाकलं," आई म्हणाली, आणि सोललेल्या शेंगांचे ताट उचलून आत गेली.