मण्यांची माळ घरी करताय? आधी दोरा पाहा

घरी ओवलेली पहिली माळ आठवड्यात तुटली, तर दोष बहुधा मण्यांचा नसतो. नवशिके सारे लक्ष रंगांवर देतात आणि ओवायला हाताशी असेल तो शिवणाचा दोरा घेतात. काचेच्या मण्याच्या भोकाची कड अनेकदा धारदार असते. तिच्यावर घासून दोरा झिजतो. तंगूस हलक्या मण्यांना चालतो, पण गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सुटते.

जड मण्यांसाठी गिअर वायर घ्यावी. प्लास्टिकचे आवरण असलेल्या या बारीक तारेला गाठ मारायची नसते. टोकाला आधी गिअर लॉक हा इवलासा धातूचा मणी, मग हूकची कडी ओवायची. तार वळवून पुन्हा लॉकमधून काढायची आणि लॉक चपट्या पकडीने घट्ट दाबायचे. दुसऱ्या टोकालाही तसेच, फक्त तार ताणू नये. एक-दोन मिलिमीटर सैल सोडली नाही, तर माळ काठीसारखी ताठ राहते.

१६ इंचांच्या माळेला ४ मिलिमीटरचे साधारण १०० मणी लागतात. तार २० इंच कापावी. साहित्य पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला मिळते. सोन्याच्या वाट्यांचे मंगळसूत्र मात्र हात बसेपर्यंत पटवेकऱ्याकडूनच गाठवून घ्यावे.