भूसुरुंगरोधक वाहन : गडचिरोलीच्या रस्त्यांवरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पोलीस आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाची जी उंच, जाड काचांची, टोकदार पोटाची वाहने दिसतात, त्यांना दलात ‘एमपीव्ही’ म्हणतात आणि वर्तमानपत्रे ‘भूसुरुंगरोधक वाहन’ म्हणतात. गावात मात्र त्यांना सरसकट ‘टँक’ म्हटले जाते. पहिला गैरसमज तिथेच आहे. भारतीय लष्कराचा टी-72 रणगाडा सुमारे 41 टनांचा असतो, पट्ट्यांवर चालतो आणि समोरून येणारा तोफगोळा झेलण्यासाठी घडवलेला असतो. एमपीव्ही चाकांवर चालणारी, हलक्या चिलखताची गाडी आहे. तिचे पोलाद रायफलीच्या गोळ्या आणि हातबॉम्बचे तुकडे अडवण्यापुरते असते. रॉकेट किंवा तोफेसमोर ते टिकत नाही, आणि त्यासाठी ते बनवलेलेही नाही.

ही वाहने भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तयार होत असावीत, असे जवळच्या परिसरात अनेकांना वाटते. चांदा आयुध निर्माणी दारूगोळा बनवते. देशातली बहुतेक सरकारी एमपीव्ही तेलंगणातल्या मेदक कारखान्याची आहेत आणि त्यांचा मूळ आराखडा दक्षिण आफ्रिकेच्या ‘कॅस्पिर’ या वाहनावर बेतलेला आहे. ऱ्होडेशिया आणि नामिबियातल्या झुडपी प्रदेशात 1970 च्या दशकात कच्च्या वाटांवर सुरुंग पेरले जात होते. त्यावर उपाय शोधताना अशा गाड्यांची पिढी जन्माला आली. भारतात ती आधी लष्कराकडे आली आणि मग माओवादग्रस्त भागातल्या पोलिसांकडे.

आता मुख्य गैरसमज. ‘सुरुंगरोधक’ म्हणजे सुरुंगाने काहीच न होणारे, असा अर्थ लोक घेतात. कधीकधी नवखे जवानही घेतात. वास्तविक ही क्षमता एका आकड्याने बांधलेली असते. कॅस्पिरची मूळ क्षमता चाकाखाली सुमारे 21 किलो टीएनटी आणि पोटाखाली सुमारे 14 किलो अशी सांगितली जाते, म्हणजे अनुक्रमे तीन आणि दोन रणगाडाविरोधी सुरुंगांइतकी. नाटो देशांच्या प्रमाणपद्धतीत वाहनांच्या सुरुंग-संरक्षणाची सर्वांत वरची चौथी पातळीसुद्धा 10 किलो स्फोटकांची आहे. तिच्याखाली आठ आणि सहा किलोच्या पातळ्या आहेत. हे आकडे कारखान्यात बनलेला सुरुंग गृहीत धरतात. दंडकारण्यातला सुरुंग कारखान्यात बनत नाही. खाणीतून चोरलेली किंवा हाताने बनवलेली स्फोटके डब्यात भरून मोरीखाली वा डांबरी रस्त्याच्या पोटात ठेवली जातात आणि त्यांचे वजन अनेकदा 30, 50 किलो किंवा त्याहून जास्त असते. एवढा स्फोट झाला की पत्रा फाटला की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. अख्खी गाडी उचलली जाते आणि परत आपटते.

या आपटण्याची किंमत इतर राज्यांनी मोजली आहे. 3 सप्टेंबर 2005 रोजी छत्तीसगडमध्ये बिजापूरजवळच्या पदेडा इथे सुरुंगरोधक वाहन उडाले आणि 24 जवान मरण पावले. 21 जानेवारी 2012 रोजी झारखंडच्या गढवा जिल्ह्यात अशाच वाहनातले 13 पोलीस गेले. 13 मार्च 2018 रोजी सुकमा जिल्ह्यातल्या किस्ताराम भागात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या 212 व्या बटालियनचे नऊ जवान एमपीव्हीतच मरण पावले. तिन्ही ठिकाणी वाहन त्याच्या आकड्याच्या पलीकडच्या स्फोटात सापडले. गाडी वाईट होती असा याचा अर्थ नाही. तिची मर्यादा शत्रूला ठाऊक होती, एवढाच अर्थ आहे.

चिलखत जितके जाड तितके बरे, हेही खरे नाही. एमपीव्हीचा जीव पत्र्याच्या जाडीपेक्षा तिच्या आकारात असतो. तळ सपाट असला तर खालून येणारा दाब पूर्ण पृष्ठभागावर एकदम आदळतो. तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता असला तर तोच दाब दोन्ही बाजूंना ओसरतो, जसे कौलारू घराच्या उतारावरून पाणी ओसरते. दुसरे कारण उंची. स्फोटापासूनचे अंतर दुप्पट झाले तर दाब नुसता निम्म्यावर येत नाही, त्याहून पुष्कळ खाली येतो. म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून मुद्दाम उंच ठेवलेले असते, आणि चाके, आस, इंजिनाचा पुढचा भाग हे सगळे स्फोटात तुटून पडावे आणि माणसांचा कोष शाबूत राहावा अशी रचना असते. चाक उडालेली एमपीव्ही पाहून ‘गाडी फेल गेली’ म्हणणारे इथे चुकतात. चाक गमावणे हा तिच्या बचावाचाच भाग आहे.

गडचिरोलीच्या पावसाचा यात हिशेब असतो, तो सहसा कोणी धरत नाही. जमिनीत पुरलेला स्फोट नुसत्या वायूने मारत नाही. वरची माती तो अफाट वेगाने वर फेकतो. ओली, चिकट माती कोरड्या मातीपेक्षा जास्त धक्का पोचवते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या भिजलेल्या रस्त्याखाली तेवढीच स्फोटके उन्हाळ्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतात. शिवाय वजनदार, उंच गुरुत्वमध्य असलेली गाडी ओल्या कडेवरून आणि अरुंद रपट्यावरून सहज कलंडते. पर्लकोटा किंवा इंद्रावती नदी फुगली की भामरागडकडचे रस्ते बंद होतात आणि एमपीव्ही पुढे जाऊ शकत नाही. उंच चाकांमुळे ती पाण्यातूनही जाईल असा समज असतो. ती तरंगणारे वाहन नाही.

बुलेटप्रूफ गाडी म्हणजे सुरुंगरोधक गाडी, हा समज सगळ्यांत धोकादायक आहे. दोन्ही संरक्षणे वेगळी आहेत. बुलेटप्रूफ गाडीत दारे, काचा आणि छत यांवर भर असतो, कारण गोळी बाजूने येते. तळ बहुधा साध्या गाडीसारखाच सपाट आणि जमिनीलगत राहतो. 9 एप्रिल 2019 रोजी दंतेवाडा जिल्ह्यात श्यामगिरीजवळ आमदार भीमा मंडावी यांची बुलेटप्रूफ गाडी सुरुंगाने उडाली. त्यात ते आणि चार पोलीस मरण पावले. गोळ्यांतही फरक असतो. माओवाद्यांकडे एके-47 होत्या तशाच पोलिसांकडून लुटलेल्या एसएलआरही होत्या, आणि एसएलआरची गोळी अधिक ताकदीची असते. एखादे वाहन कोणत्या पातळीपर्यंत तपासले आहे हे माहीत नसेल तर ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द पोकळ आहे.

याच काळातल्या दुसऱ्या एका घटनेबद्दल महाराष्ट्रात अजून बोलले जाते. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या लेंढारी नाल्यावर शीघ्र कृती पथकाचे 15 पोलीस आणि वाहनचालक सुरुंगस्फोटात मरण पावले. त्याआधी दादापूर इथे रस्त्याच्या कामावरची वाहने माओवाद्यांनी जाळली होती आणि पथक खासगी वाहनाने निघाले होते. ‘एमपीव्ही असती तर ते वाचले असते’ असे तेव्हा अनेकांनी म्हटले. तसे खात्रीने सांगता येत नाही; मोरीखाली ठेवलेल्या मोठ्या स्फोटकांसमोर एमपीव्हीची काय गत होते हे वर आलेच आहे. खात्रीने सांगता येते ते एवढेच की न तपासलेल्या रस्त्यावर चारचाकीत बसणे हाच मूळ धोका होता. जळालेली वाहने हे आमिष होते आणि येण्याची वाट एकच होती. 11 मे 2014 रोजी चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडा-मुरमुरी रस्त्यावर गडचिरोली पोलिसांच्या सी-60 पथकाचे सात जवान गेले, तेही वाहनातून परतताना. 27 मार्च 2012 रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव दलाच्या बसमधले 12 जवान गेले. तिन्ही घटनांत साम्य गाडीच्या प्रकारात नाही, रस्त्यावर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने असण्यात आहे.

म्हणून गडचिरोली पोलिसांची खरी टेहळणी पायी होते. 1990 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-60 पथकाचा पाया स्थानिक माणूस, स्थानिक बोली आणि पायवाट हाच आहे. वाहन जाण्याआधी रस्ता मोकळा करणारी तुकडी दोन्ही बाजूंच्या झाडीतून चालत मोऱ्या, तारा, उकरलेली माती तपासते. एप्रिल 2018 मध्ये बोरिया-कसनासूर आणि नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोला इथल्या मोठ्या चकमकी जंगलात पायी शिरलेल्या पथकांनी केल्या. घनदाट जंगलात एमपीव्हीचे इंजिन दूरवर ऐकू जाते, आतल्यांना जाड काचेतून फार थोडे दिसते, आणि पांदण सोडून तिला जाता येत नाही. टेहळणीच्या गाडीने पाहावे आणि स्वतः दिसू नये. एमपीव्ही नेमकी उलटी आहे.

लष्कराला टेहळणीसाठी वेगळे वाहन लागते, ते यामुळेच. संरक्षण मंत्रालयाने मार्च 2021 मध्ये महिंद्र डिफेन्सकडून 1,300 हलकी विशेष वाहने 1,056 कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. ती लहान, वेगवान आहेत, गोळ्यांपासून संरक्षण देतात. त्याआधी फेब्रुवारीत पुण्याच्या भारत फोर्जशी ‘कल्याणी एम-4’ या चिलखती वाहनासाठी 177.95 कोटींचा करार झाला. हे वाहन शेजारून होणारा 50 किलोपर्यंतचा स्फोट सोसते, असा कंपनीचा दावा आहे. बाजूचा स्फोट आणि पोटाखालचा स्फोट यांची तुलना करू नये, हे हा आकडा वाचताना लक्षात ठेवावे. अमेरिकेनेही 2007 नंतर इराकमध्ये हजारो सुरुंगरोधक वाहने उतरवली आणि अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांवर ती जड पडू लागल्यावर 2009 मध्ये हलके रूप आणले. संरक्षण वाढवले की वजन वाढते, आणि वजन वाढले की वाटा कमी होतात. हा पेच कोणत्याही कारखान्याला पूर्ण सोडवता आलेला नाही.

आतल्या माणसांबद्दलचा एक गैरसमज थेट जिवाशी जोडलेला आहे. एमपीव्हीत बसले की पट्टा कशाला, असे अनेकांना वाटते. कोष शाबूत राहूनही माणूस मरतो तो मुख्यतः हादऱ्याने. गाडी वर उडते, पट्टा नसलेल्या जवानाचे डोके छताला आपटते आणि परत पडताना कणा व घोटे मोडतात. यासाठी चांगल्या वाहनांत आसने तळाला न जोडता भिंतीला किंवा छताला टांगलेली असतात आणि पाय तळापासून उचलून ठेवायला आधार असतो. मोकळ्या पेट्या, दारूगोळ्याचे डबे, रायफली बांधल्या नाहीत तर त्याच आत गोळ्यांसारख्या आदळतात. चार टोकांचा पट्टा आवळून बसण्याची शिस्त ही गाडीच्या चिलखताइतकीच मोलाची आहे, आणि ती फुकट मिळते.

एवढ्या मर्यादा असल्या तरी एमपीव्ही निरुपयोगी आहे असे मानणे हा शेवटचा गैरसमज ठरेल. गोळीबारात अडकलेल्या पथकापर्यंत पोचून जखमींना बाहेर काढणे, तपासलेल्या रस्त्यावरून पोलीस मदत केंद्रांना रसद देणे, दबा धरून केलेल्या हल्ल्यातून बाहेर पडणे या कामांत तिला पर्याय नाही. उघड्या जीपमधल्या जवानाला लागणारी गोळी ती अडवते, आणि लहान सुरुंगातून माणसे चालत बाहेर आणते. रस्ता तपासून झाल्यावर एमपीव्ही उपयोगी पडते. रस्ता तपासण्याऐवजी ती वापरली तर घात करते.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि जिल्ह्यातला संघर्ष ओसरला. पण जुने पुरलेले सुरुंग शस्त्रे खाली ठेवत नाहीत. त्यामुळे दक्षिण गडचिरोलीत नव्या रस्त्यांच्या आणि मोऱ्यांच्या कामाआधी मातीची तपासणी यापुढेही कसोशीने करावी लागेल, आणि ते काम गाडीचे नाही, तपासणी पथकांचे आहे.