आरंभीच्या कृत्रिम रंगांचा ऱ्हास व वस्त्रसंग्रहांचे जतन

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग गवसला. १८५९ मध्ये मॅजेंटा आला. कोल्हापूरचा नवा राजवाडा पूर्ण झाला त्या १८८४ सालापर्यंत अशा रंगांचा व्यापार जगभर पसरला होता. रेशमावर ते तेजस्वी दिसत. परंतु प्रकाश शोषल्यावर, प्राणवायू व आर्द्रता यांच्या सान्निध्यात त्यांच्या रेणूंतील रंगदायी रचना भंग पावते. सर्वच कृत्रिम रंग मात्र अल्पायुषी नव्हेत. मॅडर वनस्पतीच्या मुळांतील अलिझारीन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. तुरटीच्या साहाय्याने ते टिकाऊ ठरते.

नव्या राजवाड्यातील संग्रहालयात राजघराण्याची वस्त्रे व भरतकाम आहे. अशा कोणत्याही संग्रहातील फिकट गुलाबी वस्त्र मूळचे गडद किरमिजी असू शकते. ते फिकेपण तत्कालीन अभिरुची मानल्यास इतिहासाचा विपर्यास होतो. शिवणीच्या आतील, उजेड न लागलेला धागा मूळ रंगाची साक्ष देतो. त्याची नोंद प्रथम करावी. रंगाची ओळख पटण्यापूर्वी वस्त्र धुऊ नये, कारण अनेक जुने रंग पाण्यात सुटतात. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते व भरून निघत नाही. म्हणून प्रदर्शनातील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत आणि मोजक्या काळापुरताच ठेवणे इष्ट होय.