सोळा पायऱ्यांचा मॉरिशस

मॉरिशस म्हटले की आपल्याला मधुचंद्राच्या सहली आणि पांढरी वाळू आठवते. मला मात्र पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या सोळा दगडी पायऱ्या अधिक बोलक्या वाटतात. डचांनी १६३९ मध्ये बेटावर ऊस आणला, फ्रेंचांनी तो गुलामांकरवी वाढवला. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाला हात हवेच होते. म्हणून १८३४ पासूनच करारावर हिंदुस्थानी मजूर येऊ लागले. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठीही होते.

पळालेले गुलाम ज्या ल मॉर्न डोंगरात लपत, त्याच्या पायथ्याशी आज आलिशान हॉटेले आहेत. म्हणजे किनारा तोच, फक्त मालाचे नाव बदलले: काल साखर, आज सुटी.

गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. मूर्तींचे विसर्जन समुद्रात होते. बाप्पाला आपण लवकर परत यायला सांगतो. विसर्जन करणाऱ्यांचे बहुतेक पूर्वज मात्र कधीच परतले नाहीत.