वाऱ्याचा आडोसा

हरिश्चंद्रगडाच्या पठारावर पौष-माघांत मुक्काम करणाऱ्या मंडळींस थंडीपेक्षां वारा अधिक छळतो. त्या उंच जागीं वारा पडलेला असेल तर एका घोंगडीवरहि रात्र निभते. वारा सुटला कीं तीच हवा हाडांत शिरते. शरीराभोंवतीं त्याच्याच उष्णतेनें तापलेला हवेचा एक पातळ थर असतो, आणि वारा तो सारखा पुसून नेतो. हा थर राखणें हेंच आडोशाचें काम होय.

आडोसा जितका घट्ट तितका चांगला, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु सबंध ताडपत्री ताणली कीं अडलेला वारा तिच्या माथ्यावरून उसळी घेतो व पाठीमागें भोंवरे करीत जमिनीवर आपटतो. ज्या आडोशामागें चुलीची राख उडून भातांत पडते, तो बहुधा असाच असतो. उलट गोणपाटाची कनात, किंवा रोपवाटिकेसाठीं मिळणारी ५० टक्के सावलीची जाळी, थोडा वारा आंतून जाऊं देते. त्यामुळें त्याचा वेग मोडतो, पण भोंवरा बळावत नाहीं. कारवीचा न लिंपलेला कूड हेंच करतो. मात्र हा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे; तेथें कारवी तोडण्याचा विचारहि मनांत आणूं नये, कनात घरूनच न्यावी. अशा कनातीचा आसरा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत थोडाबहुत जाणवतो, पण खरी निवांत जागा दोन ते पांच पटींच्या आंतच मिळते. म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या कनातीमागें तंबू तीन-चार मीटरांवर असावा. कनात तंबूहून बरीच लांब हवी, कारण वारा टोकांना वळसा घालून आंत येतोच.

दिशेच्या बाबतींत फसगत फार होते. दिवसां उतारावर वारा दरींतून वर चढतो. सूर्य मावळला कीं जमीन निवते, तिला लागलेली हवा जड होते आणि उतारानें खालीं वाहूं लागते. सायंकाळचा वारा पाहून कनात उभारणारा मध्यरात्रीं भलत्याच बाजूनें कुडकुडत उठतो, तो यामुळें. मोकळ्या माथ्यावर मात्र हा नियम चालत नाहीं. तेथें अंधार पडल्यावर चिमूटभर सुकें गवत उडवून पाहावें. कोंकणकड्याच्या कांठावर तर वारा खालून वर उसळतो. तेथें कोणतीहि कनात निरुपयोगी, आणि मुक्काम जिवावर बेतणारा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. ताशीं ४० किलोमीटरच्या वाऱ्यांत पांच चौरस मीटरांच्या ताडपत्रीवर सुमारें ४० किलो वजनाइतका भार येतो. जाळीवर तो कमी असतो. म्हणून प्रत्येक खांबास दोन्ही बाजूंनीं तणावे हवेत, व मेखा कनातीपासून दूर कलत्या ठोकाव्यात. कातळांत मेख शिरतच नाहीं. तेथें तणावा मोठ्या धोंड्यास बांधावा. खालचा कांठ दगडांनीं दाबावा.

गॅसच्या छोट्या शेगडीस आडोसा करतांना चारी बाजू कधींहि बंद करूं नयेत, कारण आंत कोंडलेल्या उष्णतेनें टाकी तापून फुटण्याचा धोका असतो. वारा फारच झाला तर स्वयंपाक थांबवावा. पेटती शेगडी तंबूंत मात्र नेऊं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं.