एकाच गवताचीं दोन लेंकरें

डुकराचें नांव निघतांच घरांतील वडील मंडळी नाक मुरडतील. परंतु बुडती पृथ्वी दातांवर उचलून धरणारा विष्णूचा तिसरा अवतार वराहच होता, हें त्यांस सांगावयास नको. मुलुंडकरांस तर हा प्राणी परका नाहीं. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत रानडुकरें आहेत आणि पूर्वेस मिठागरांपलीकडे ठाण्याच्या खाडींत हिंवाळ्यांत थापट्यासारखीं बदकें उतरतात. या दोघांच्या दूरच्या आप्तांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिमालयाच्या पायथ्याशीं माणूस बुडेल एवढें उंच गवत माजतें. त्यांत एक ठेंगणें रानडुकर राहतें. त्याची उंची सुमारें १० इंच व वजन ६ ते १० किलो. गवताचें घरटें करून तें बारा महिने त्यांत निजतें. १८४७ सालीं हॉजसन या इंग्रज संशोधकानें त्याचें प्रथम वर्णन केलें. तसल्याच गवताळ पाणथळींत, बंगाल, बिहार व आसाम या प्रांतीं, गुलाबी डोक्याचें बदक नांदत असे.

पुढें बरेंचसें गवत नांगराखालीं गेलें, उरलेलें दरसाल जाळलें जाऊं लागलें. बदकामागें शिकारीही लागले. १९३५ सालीं दरभंग्याकडे तें दिसलें, त्यानंतर आपल्या देशांत त्याचा खात्रीचा पुरावा नाहीं. इंग्लंडांत एका धनिकाच्या पक्षिगृहांत कांहीं बदकें पाळलेलीं होतीं, परंतु तेथें त्यांची वीण झाली नाहीं.

डुकरासही लोक निर्वंश झालेलें समजत. परंतु १९७१ सालीं आसामांत बर्नाडीजवळ गवत पेटलें आणि जीव घेऊन पळालेलीं कांहीं डुकरें चहाच्या मळ्यांत सांपडलीं. १९९६ सालीं मानसच्या अरण्यांतून ६ डुकरें धरून गुवाहाटीजवळ त्यांची जोपासना आरंभिली. तीं तेथें व्यालीं, आणि २००८ पासून त्यांची संतति पुन्हां रानांत सोडण्यांत येऊं लागली.

एक वांचलें, दुसरें हरपलें. यांत दैवाचा भाग आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वांचलेल्यासही सोडावयास गवत हवें. तें नसेल तर जोपासना म्हणजे नुसता पिंजरा. म्हणून ज्या भूमीस आपण 'पडीक' म्हणतों, ती खरोखर कोणाचें घर आहे, हें आधीं पाहावें. मिठागरांवर घरें उठविण्याच्या गोष्टी चालल्या असतां मुलुंडकरांनीं एखाद्या रविवारीं मुलांस खाडीकांठीं न्यावें. बदकें तेथें आहेत तोंवर पाहणें सोपें. नाहींशीं झाल्यावर शोधणें फार कठीण.